मालकाला विचारून सांगतो

आमचं घर दर वर्षी भट्टीत जायचं. थट्टा करत नाही. दिवाळी झाली की माय-बा आम्हा भावंडांना घेऊन कंधार तालुक्यातलं गाव सोडायचे आणि मुदखेडकडच्या कुठल्या तरी वीटभट्टीवर जायचे. तिथं कच्च्या विटा एकावर एक रचायच्या, वर पत्रा टाकायचा, झाली खोपी. मृग तोंडावर आला की त्याच विटा उतरवून शेवटच्या भट्टीत लावायच्या. म्हणजे आम्ही ज्या ज्या घरात राहिलो ती सगळी भाजली गेली आणि विकली गेली. आज नांदेडात कुणाच्या तरी दिवाणखान्यात माझ्या तिसरीची भिंत असेल, कुणाच्या न्हाणीत चौथीची.

शाळाही तशीच झाली. अर्धी गावात, अर्धी भट्टीवर. तरी मी बारावी झाले. पुढं कॉलेजला नांदेड जवळ होतं, पण माय म्हणाली, "जवळ ऱ्हायलीस तर हंगामाला मुकादम तुला बलवून घेईल. तू लातूरला जा." मायला लातूर कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. लांब आहे एवढं पुरेसं होतं.

मला पदवी हवी होतीच. पण तिच्याही आधी एक गोष्ट हवी होती : तीन वर्षं तीच भिंत.

लातुरात खोली मिळणं सोपं नाही. तिथं घराघरात डॉक्टर होऊ घातलेली पोरं ठेवलेली असतात. मी बी.ए.ला आहे म्हटलं की घरमालकांचा चेहरा पडायचा आणि बा वीटभट्टीवर असतो म्हटलं की खोली लागलेली असायची. असं सकाळपासून फिरत फिरत मी आणि बा गोलाईच्या मागच्या गल्लीत एका जुन्या दगडी घराशी आलो. दारात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाचा चांदीचा करंडा. पूर्वी त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून मीही पुढं अप्पाच म्हणाले.

"खोली हाय," अप्पा म्हणाले. "पण मला इचारून काय उपेग? मालकाला इचारून सांगतो."

"मालक कव्हा येतेत?" बानं विचारलं.

"येतेत कुठून? हितंच ऱ्हातेत की."

ते आम्हाला अंगणात घेऊन गेले. अंगणात डाळिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्यासमोर अप्पा हात मागं बांधून उभे राहिले, जसं आमच्याकडं मुकादमासमोर उभं राहतात. मी आणि बा मालक शोधत होतो. मग बा दोन पावलं मागं सरकला. "आगं आयो! सरडा!"

साधा सरडा नव्हता तो. फांदीला शेपटीचा वेढा घालून बसलेला, पुस्तकात ज्याला घोयरा म्हणतात तो. एक डोळा माझ्याकडं, दुसरा बाच्याकडं. भट्टीवर असला सरडा निघाला की पोरं दगड घ्यायची आणि माय तीनदा थुंकायची. इथं अप्पा त्याला काहीतरी विचारत होते.

"ऊटा आयता?"

म्हणजे जेवण झालं का. भट्टीवर आमच्या शेजारच्या खोपीत बिदरकडची माणसं असायची, तेवढं कानडी मला येत होतं. मला वाटलं, मलाच विचारलं. "इल्ला," मी म्हणाले. नाही झालं. खरंच सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

अप्पांनी वळून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात फांदीवरचा सरडा रंग सोडायला लागला. हिरव्याचा मातकट झाला, मातकटाचा काळा. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा. बानं पिशवी उचलली. त्याला काही माहीत नव्हतं, तरी हे काही चांगलं झालं नाही एवढं त्याला कळलं.

अप्पा म्हणाले, "कोपऱ्यातली खोली. झाडून घे. आधी जेवा दोघं."

मला त्या घराची रीत नंतर कळली. वरच्या खोलीत मुदखेडची एक मुलगी राहायची, नर्सिंगला होती. तिनं सांगितलं की नवा भाडेकरू आला की अप्पा त्याला मालकासमोर उभा करतात. मालक हिरवा राहिला तर खोली द्यायची. काळा पडला तर मालकाची मर्जी नाही, राम राम. मोठमोठे शिफारशीचे लोक असे परत गेले होते.

"आन तुझ्या टायमाला काय झाला व्हता?" तिनं विचारलं.

"काळा."

"कोळशावानी?"

"हाव."

"मंग तू हितं काय करून राहिलीस?"

हाच प्रश्न मला पुढं तीन वर्षं पडला. मी अप्पांना एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "कव्हा काळा पडला? तुझ्या डोळ्यात भट्टीचा धूर हाय आजून." वरच्या मुलीला त्यांनी सांगितलं की पोर जाळाजवळ वाढलेली आहे, मालकानं तिला तिच्या रंगात मान दिला. आणि त्यांचा मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याला सांगितलं की त्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. तिन्ही उत्तरं त्यांनी सारख्याच गंभीर चेहऱ्यानं दिली.

मी बघून बघून एक गोष्ट ताडली होती. मालक सकाळी गार असायचा, तेव्हा तसाच काळा असायचा. उन्हं अंगावर आली की हिरवा व्हायचा. म्हणजे रात्रीच्या गाडीनं येऊन पहाटे दार वाजवणारे सगळे बिचारे नापास आणि जेवून-खाऊन दुपारी येणारे पास. मी हे अप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बराबर हाय. सकाळी मन साफ आसतं. खरं बोलायला तीच येळ."

आता सांगा, याला काय म्हणायचं?

मालक त्या घरात कसा आला याच्याही अशाच तीन कथा होत्या. कधी तो निलंग्याहून कडब्याच्या गाडीतून आला होता, कधी बाजारात जडीबुटी विकणाऱ्याकडून अप्पांनी तो सोडवला होता आणि कधी तो आधीपासूनच झाडावर होता, अप्पाच मागून राहायला आले होते. एवढं खरं की अप्पांची बायको वारल्यानंतर तो आला. ती कर्नाटकातली. दोघं घरात कानडी बोलायचे. ती गेल्यावर घरात कानडी बोलायला कुणी उरलं नाही. मुलाला येत नव्हतं, भाडेकरूंना येत नव्हतं. अप्पा कानडी बोलायचे ते फक्त डाळिंबाशी उभं राहून.

त्याला खाऊ घालणं हा मोठा धर्मसंकटाचा विषय होता. अप्पा कडक शाकाहारी. घरात अंडं आणलं तर खोली खाली. आणि मालक तर जितं किडूक खाणारा. पहिल्यांदा म्हणे अप्पांनी त्याला भिजवलेली डाळ, पपई, दूध-भाकर, सगळं देऊन बघितलं. मालकानं एका डोळ्यानं भाकरीकडं बघितलं, दुसऱ्यानं अप्पांकडं, आणि तोंड फिरवलं. शेवटी अप्पांनी तोड काढली. पिकून काळं झालेलं केळं नारळाच्या करवंटीत घालून फांदीला बांधायचं. केळ्यावर माशा येतात. मालक फांदीवर असतोच. त्याची जीभ सुटायची ती दिसायचीसुद्धा नाही, नुसती माशी नाहीशी व्हायची.

"मी माशी देत न्हाई," अप्पा म्हणायचे. "मी केळं ठिवतो. माशी तिच्या मर्जीनं येती, मालक त्येच्या मर्जीनं खातो. मधी मी कोण?"

सोमवारी अप्पांचा उपवास. त्या दिवशी करवंटी काढून ठेवायचे, म्हणजे मालकाचाही उपवास. एका सोमवारी मालकानं सगळ्यांदेखत लांबलचक नाकतोडा मटकावला. पाय अजून तोंडाबाहेर होते. अप्पांनी झटकन पाठ फिरवली आणि मला म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई. तू बघितलीस का?"

"हाव."

"मंग तुझा मोडला उपास."

पाणी मालक भांड्यातून प्यायचा नाही. पानावरचे थेंब चाटायचा. लातूरच्या पाण्याचं मी काय सांगू, नळाची वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आम्हाला टँकरची मापानं बादली मिळायची, आणि अप्पा रोज सकाळी तांब्या घेऊन डाळिंबाच्या पानांवर शिंपडा मारत उभे. वरची मुलगी ओरडायची, "अप्पा, आम्ही काय पानं चाटावं का?"

"चाट की. मालक न्हाई म्हनत न्हाईत."

मी पहिलं वर्ष त्या झाडाच्या लांबून गेले. भट्टीवरची भीती अशी जात नसते. पण दुसऱ्या वर्षी अप्पांचा मुलगा पुण्याहून आला आणि माझी सोयरीक त्या सरड्याशी कायमची जुळली.

मुलगा वाईट नव्हता. त्याला जुनं घर पाडून मुलांचं तीन मजली वसतिगृह बांधायचं होतं. गल्लीत सगळ्यांनी बांधलं होतं. तो म्हणाला, "अप्पा, एका सरड्यापायी आपण मागं राहिलो. आणि तुम्हाला सांगतो, याला पाळणं गुन्हा आहे."

"पाळला कुठं? पिंजरा दाव, साखळी दाव. त्यो जाईल तर मी आडवीन का?" अप्पा म्हणाले. मग आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी शब्द दिला. "मालक झाडावर हायेत तवर घराला हात लावायचा न्हाई. मालक गेले की मी निलंग्याला लेकीकडं जातो. मंग घर पाड, डोंगर पाड, मी इचारनार न्हाई."

मुलगा हसला. सरडा जगून जगून किती जगणार! "ठरलं," तो म्हणाला.

मी दारात उभी राहून ऐकलं. बी.ए.ची दोन वर्षं बाकी होती, आणि माझी भिंत आता एका सरड्याच्या जिवावर उभी होती. त्या दिवसापासून मी केळी निवडायला शिकले. कुठल्या फळवाल्याकडं सडकी मिळतात, मांजर कोणत्या भिंतीवरून उतरतं, दुपारी मालक कोणत्या फांदीला असतो, सगळं. थुंकायचीही सवय गेली.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीआधी अप्पा मोतीबिंदू काढायला निलंग्याला लेकीकडं गेले. जाताना मालक माझ्यावर सोपवला. "हात लावू नको. शिंपडा चुकवू नको. आन रोज इचारत जा, ऊटा आयता म्हनून. उत्तर दिलं न्हाई तरी इचारायचं."

मी विचारत होते. पण थोड्याच दिवसांत मालकानं खाणं सोडलं. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं. अंगावर काळे-पिवळे ठिपके उठले. आणि जो कधी जमिनीवर पाय ठेवायचा नाही तो झाड उतरून खाली आला आणि बुडाशी माती उकरायला लागला. काळी माती, वाळून दगड झालेली. नखं निसटायची. थकून वर जायचा, परत उतरायचा. वरची मुलगी नर्सिंगची, तिनं लांबून तपासून सांगितलं, "पोटात पाणी झालंय. न्हाई राहत आता." आणि तिनंच पुण्याला फोन करून मुलाला कळवलं. शनिवारी तो बांधकामवाल्याला घेऊन येणार असं तिच्याकडूनच मला कळलं.

मी अप्पांना फोन लावला.

"खाली उतरले?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"माती उकरून राहिले?"

"हाव, पण उकरंना. लई कडक हाय."

मग अप्पा म्हणाले, "त्येनला कळलंय, पोरी. आपली जागा करून राहिलेत. हे बघ, आमच्यात जाळत न्हाईत. पुरतेत. बसल्या जागी मावतील असा खड्डा कर. माती मऊ कर, अंगाला ढेकूळ लागू नगं. काठाला बेलाचं पान ठिव, भस्म ठिव. येवढं कर माय."

'माय' ते मला कधी म्हणाले नव्हते.

माती मऊ करायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. झाडाच्या बुडाशी मी खड्डा घेतला. ढेकळं फोडली, भिजत घातली, पायानं तुडवली. वाळू मिसळली, चुलीची राख मिसळली. मग तो तुडवलेला गारा सुकवून हातानं चोळून चोळून मोकळा केला आणि खड्ड्यात अर्ध्यापर्यंत परत भरला. मायनं बघितलं असतं तरी तिला त्यात एक खडा काढून दाखवता आला नसता. फरक एवढाच की आजवर मातीचं घर केलं होतं, आज घर जाण्याची तयारी करत होते. मालक फांदीवरून एका डोळ्यानं सगळं बघत होता. मी त्याला म्हणाले, "ऊटा आयता?" आणि रडायला आलं म्हणून खोलीत गेले.

सकाळी बघते तर खड्डा भरलेला. नुसता भरलेला नाही, वरून थापून सारखा केलेला. बेलाचं पान अर्धं मातीत. आणि झाडावर मालक नाही.

वरच्या मुलीनं जिना उतरता उतरताच हात जोडले. "समाधी घेतली गं! आपलं आपून पुरून घेतलं!"

मेलेला सरडा स्वतःवर माती कशी ओढील? आणि जिता कशाला ओढील? अप्पांना काय सांगू? फोन हातात घेतला आणि तसाच ठेवला. तो दिवस शनिवारच होता. मुलगा आला, सोबत टेप घेतलेला बांधकामवाला. मुलानं खड्ड्याकडं बघितलं, चप्पल काढली, नमस्कारही केला. मग बांधकामवाल्यानं माझ्याच खोलीच्या भिंतीला टेप लावला. मी दारातून बाजूला झाले. दुसरं काय करणार.

"हितून तिकडं धरा हो ताई," टेपवाला वरच्या मुलीला म्हणाला. ती टेपचं टोक घेऊन कपड्यांच्या दोरीपर्यंत गेली आणि किंचाळली.

दोरीवर माझी हिरवी ओढणी वाळत होती. तिच्यावर मालक बसला होता, ओढणीच्याच रंगाचा. वाळल्या शेंगेसारखा खप्पड. कातडी लोंबत होती. पायांना माती होती. पण दोन्ही डोळे दोन्हीकडं फिरत होते.

मुलगा म्हणाला, "हा दुसरा कुठला असेल."

"दुसरा कसा? ह्योच हाय," मी म्हणाले. तरी मलाही खात्री नव्हती.

मी फोन केला आणि दोनच दिवसांत अप्पा लेकीला न जुमानता परत आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा इकडं-तिकडं. अगदी मालकच. पाण्याचा शिंपडा मारला. मालक पानं चाटत सुटला. "ऊटा आयता?" अप्पांनी विचारलं, आणि त्यानं करवंटीवरची माशी उचलली. अप्पांनी मुलाला फोन लावला. "मालकच हायेत. पुरून घेतलं आन माघारी आले. टेप गुंडाळून ठिव."

"मग त्या खड्ड्यात काय आहे, अप्पा? उकरून बघू की," मी म्हणाले.

"समाधी उकरत नसतेत."

"पण समाधी घेणारा तर वर बसलाय!"

"म्हनून तर उकरायची न्हाई."

पुढं त्यांनी त्या जागेभोवती विटा लावून घेतल्या, भट्टीच्या रीतीनं मीच रचून दिल्या. दर सोमवारी तिथं दिवा लागायचा. मांजराला, कोंबडीला, भाडेकरूंच्या चपलेला, कुणालाच तिथं पाय ठेवायची मुभा नव्हती. गल्लीतले लोक विचारायचे की समाधी कुणाची. अप्पा वर बोट करायचे. लोक बघायचे तर वर मालक माशा खात बसलेला. मान हलवत निघून जायचे. मीही रोज तशीच मान हलवत कॉलेजला जायचे.

पुढच्या आषाढात, माझं तिसरं वर्ष सुरू झालं होतं, एका सकाळी मी शिंपडा मारत होते. समाधीची माती हलली. एक भोक पडलं. त्यातून बोटाच्या पेराएवढं काहीतरी बाहेर आलं, शेपटीची गुंडाळी, एक डोळा माझ्याकडं, एक आभाळाकडं. त्याच्यामागं दुसरं. मग तिसरं. मी तांब्या टाकला आणि ओरडले, "अप्पा!"

अप्पा आले. खाली बसले. पिल्लं एकामागून एक डाळिंबाच्या बुडाकडं चालली होती, हलत-डुलत, वारा आल्यासारखी. अप्पा म्हणाले, "म्हंजे बाई हाय."

"हाव, अप्पा."

"इतकी वर्सं आपून मालक म्हनून राहिलो, आन बाईनं ऐकून घेतलं." मग ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाले, "घर तिच्याच नावावर हाय."

घर त्यांच्या वारलेल्या बायकोच्या नावावर होतं, हे मला माहीत होतं. ते झाडाकडं बघून बोलत होते. ते कुणाबद्दल बोलले, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तीन उत्तरं मिळाली असती.

मुलाला बातमी कळली तेव्हा फोन मीच धरला होता. अप्पा म्हणाले, "मालक हायेत तवर, आसं ठरलं व्हतं ना? आता वारस धरून मोजून घे." पलीकडून मुलगा आधी चिडला, मग हसला आणि म्हणाला, "ठेवा तुमचं घर." त्यानंतर टेप परत आला नाही.

निकाल लागला त्या दिवशी मी सकाळीच अप्पांकडं गेले. ते म्हणाले, "मला काय सांगतीस? मालकिनीला सांग." मी डाळिंबाशी उभी राहिले आणि सांगितलं. ती फांदीवर गार बसली होती. माझ्याकडं एक डोळा फिरवला आणि होती तशीच राहिली. काळीकुट्ट.

"काळीच हाय, अप्पा," मी म्हणाले.

"आसू दे," अप्पा म्हणाले. "तुला खोली दिली तव्हा बी काळीच व्हती. तू आधी जेव."

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. आणि ती तिन्ही वर्षं मी एकाच भिंतीच्या आत राहिले.